ग्राफिक्स कार्ड घेताय? आधी एसएमपीएस बघा

घरातला डेस्कटॉप पाच-सात वर्षांचा झालेला असतो. मुलगा किंवा मुलगी अॅनिमेशन, आर्किटेक्चर, व्हिडिओ एडिटिंग असा काही कोर्स धरते आणि मग एक दिवस मागणी येते, 'ग्राफिक्स कार्ड पाहिजे.' नवा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नसते. मग आहे त्याच डब्यात कार्ड बसवायचे ठरते. काही महिने पैसे साठवले जातात, कार्ड येते, बसते, स्क्रीनवर चित्रही दिसते. आणि दोन दिवसांनी रेंडरिंग सुरू केले की पीसी फट्कन बंद!

आमच्या ओळखीच्या एका घरात नेमके हेच घडले. अम्मीच्या शिलाईच्या पैशातून मुलाने आरटीएक्स ३०६० घेतले. पीसी सारखा बंद पडू लागला. दुकानदाराने आधी विंडोज नव्याने टाकायला लावली, मग रॅम बदलायला लावली. कोणीही कॅबिनेटच्या कोपऱ्यातल्या त्या पत्र्याच्या डब्याकडे बघितले नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या डब्यातून 'फट्' असा आवाज आला, जळका वास सुटला आणि जाता जाता त्याने मदरबोर्डही सोबत नेला. कार्ड वाचले, ते नशीब. पण सबमिशनची तारीख गेली आणि खर्च दुप्पट झाला.

तो पत्र्याचा डबा म्हणजे एसएमपीएस, ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात. ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या आधी याची चौकशी कशी करायची, किती वॅटचा घ्यायचा, लेबल कसे वाचायचे, हे या लेखात सोप्या भाषेत बघू.

एसएमपीएस नेमके काय करतो?

आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टची एसी वीज येते. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना ती चालत नाही. त्यांना कमी व्होल्टची डीसी वीज लागते : १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट. हे रूपांतर एसएमपीएस करतो.

यातली १२ व्होल्टची लाइन आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही खादाड मंडळी मुख्यतः याच लाइनवर जगतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर यूएसबी, एसएसडी अशी हलकी कामे चालतात. म्हणून कार्ड बसवताना प्रश्न 'एसएमपीएस किती वॅटचा?' एवढाच नसतो. '१२ व्होल्टवर किती देतो?' हा खरा प्रश्न असतो.

डब्यावरचा आकडा आणि लेबलवरचा आकडा

स्वस्त कॅबिनेटसोबत जो एसएमपीएस फुकट आल्यासारखा येतो, त्यावर मोठ्या अक्षरात '४५०' लिहिलेले असते. लोक समजतात ४५० वॅट. पण बाजूला चिकटवलेले लेबल वाचा. त्यावर एक तक्ता असतो. त्यात +१२ व्होल्टच्या खाली अँपिअरचा आकडा दिलेला असतो. हिशेब साधा आहे :

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट.

समजा तक्त्यात १२ व्होल्टखाली १६ अँपिअर लिहिले आहे. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. म्हणजे नाव ४५०, पण कामाची ताकद १९२! आणि तेवढीही तो सतत देईलच याची खात्री नाही. याउलट चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. १२ गुणिले ४५ म्हणजे ५४० वॅट. म्हणजे जवळपास सगळी ताकद जिथे हवी तिथेच.

काही एसएमपीएसवर १२ व्होल्टच्या दोन लाइन दाखवलेल्या असतात. त्या दोन्हींचे अँपिअर सरळ बेरीज करू नका. लेबलवर दोन्हींची मिळून जास्तीत जास्त वॅटची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती धरा. आणि लेबलवर असा तक्ताच नसेल, तर तो एसएमपीएस घेऊच नका.

त्या मुलाच्या पीसीत काय झाले, ते आता कळेल. त्याच्याकडे इंटेलचा आय५-४५९० होता, त्याची नोंदलेली मर्यादा ८४ वॅट. कार्ड १७० वॅटचे. दोन्ही मिळून २५४. मदरबोर्ड, डिस्क, पंखे वेगळेच. आणि लेबलवर १२ व्होल्टचे मिळत होते १९२ वॅट. नाकापेक्षा मोती जड झाला होता. साधे काम करताना कार्ड कमी वीज घेते म्हणून पीसी चालायचा, रेंडरिंगला कार्ड पूर्ण ताकदीने पळाले की कोसळायचा.

कार्डाला वीज मिळते कुठून?

मदरबोर्डवरच्या ज्या लांब खाचेत कार्ड बसते, ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. कार्डाला त्यापेक्षा जास्त लागत असेल तर एसएमपीएसमधून वेगळी केबल जोडावी लागते. त्या केबलचे प्रकार असे :

६ पिनची केबल : ७५ वॅटपर्यंत.
८ पिनची केबल : १५० वॅटपर्यंत. बहुतेक वेळा ही ६ अधिक २ अशी फोडता येते.
१६ पिनची नवी केबल : ६०० वॅटपर्यंत. ही आजकालच्या महागड्या कार्डांना येते.

म्हणजे एका ८ पिनचे कार्ड खाचेतून ७५ आणि केबलमधून १५०, असे मिळून २२५ वॅटपर्यंत घेऊ शकते. तुमच्या एसएमपीएसमध्ये कार्डासाठीची केबलच नसेल, तर समजून जा की तो अशा कामासाठी बनवलेलाच नाही.

कोणत्या कार्डाला किती?

खाली नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही कार्डांचे आकडे देत आहोत. पहिला आकडा कार्डाची स्वतःची भूक, दुसरा आकडा कंपनीने सुचवलेला पूर्ण पीसीचा एसएमपीएस.

जीटीएक्स १६५० : ७५ वॅट, एसएमपीएस ३०० वॅट
आरएक्स ६६०० : १३२ वॅट, एसएमपीएस ४५० वॅट
आरटीएक्स ४०६० : ११५ वॅट, एसएमपीएस ५५० वॅट
आरटीएक्स ३०६० : १७० वॅट, एसएमपीएस ५५० वॅट
आरएक्स ७६०० : १६५ वॅट, एसएमपीएस ५५० वॅट
आरटीएक्स ४०७० : २०० वॅट, एसएमपीएस ६५० वॅट
आरटीएक्स ३०८० : ३२० वॅट, एसएमपीएस ७५० वॅट
आरटीएक्स ४०९० : ४५० वॅट, एसएमपीएस ८५० वॅट

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवा. एक, नवीन कार्ड म्हणजे जास्त वीज असे नाही. आरटीएक्स ४०६० हे आरटीएक्स ३०६० नंतर आले, पण वीज ५५ वॅट कमी घेते. दोन, नावात फसू नका. आरटीएक्स ३०५० नावाची कार्डे एकापेक्षा जास्त प्रकारची आहेत. ८ जीबीवाले १३० वॅट घेते आणि त्याला वेगळी केबल लागते. ६ जीबीवाले फक्त ७० वॅटचे, खाचेतल्या विजेवरच चालते. नाव एकच, पण एसएमपीएसचा हिशेब एकदम वेगळा. बॉक्सवरची मेमरी वाचूनच पैसे द्या.

आपला हिशेब आपण कसा करायचा?

कागद-पेन घ्या. चार ओळींचे काम आहे.

पहिली ओळ, प्रोसेसर. त्याची साधी मर्यादा धरू नका, जोरात पळताना लागणारी वीज धरा. उदाहरणार्थ इंटेल आय५-१२४००एफ वर ६५ वॅट लिहिलेले असते, पण टर्बोमध्ये तो ११७ वॅटपर्यंत जातो.
दुसरी ओळ, कार्ड. समजा आरटीएक्स ४०६०, म्हणजे ११५ वॅट.
तिसरी ओळ, बाकीचे सगळे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क, पंखे मिळून ५० ते ७० वॅट धरा.
चौथी ओळ, बेरीज. ११७ अधिक ११५ अधिक ७० म्हणजे ३०२ वॅट.

आता या बेरजेवर निदान ४० ते ५० टक्के जागा मोकळी ठेवा. ३०२ चे दीडपट म्हणजे सुमारे ४५० वॅट. म्हणजे खरोखरचा, प्रामाणिक ४५० वॅटचा एसएमपीएस यासाठी पुरतो. तरी आम्ही ५५० चा घ्या असे म्हणू. किमतीत फार फरक पडत नाही आणि पुढच्या वेळी कार्ड बदलले तर एसएमपीएस तोच चालतो.

मग ८५० किंवा १००० वॅटचा घेतला तर जास्त चांगले का? गरज नाही. एसएमपीएसवर १००० लिहिले म्हणून तो १००० वॅट ओढत नाही, पीसीला जेवढे लागेल तेवढेच देतो. त्यामुळे बिल वाढत नाही, पण खिशातले पैसे उगाच जातात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे कार्ड पाहून एसएमपीएस घ्यावा.

जागा मोकळी का ठेवायची?

आजची कार्डे वीज एकसारखी घेत नाहीत. सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्यात त्यांची मागणी नेहमीच्या दीड-दोन पट उसळते आणि खाली येते. कमकुवत एसएमपीएसला वाटते की ओव्हरलोड झाला, आणि तो स्वतःला बंद करतो. पीसी अचानक बंद होण्याचे हे एक मोठे कारण.

इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे मापदंड आणले. त्याच मालिकेत २०२२ मध्ये एटीएक्स ३.० आले. त्यात असे झटके सहन करण्याची अट घातली आहे. १६ पिनचे मोठे कार्ड घ्यायचे असेल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच एसएमपीएस घ्या. मध्यम कार्डासाठी जुन्या मापदंडाचा चांगला एसएमपीएसही चालतो.

सेकंड हँड ऑफिस पीसी असेल तर

आपल्याकडे बरीच घरे ऑफिसातून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे डेस्कटॉप घेतात. अभ्यासाला ते चांगलेच असतात. पण कार्ड बसवायच्या वेळी तीन अडचणी येतात.

पहिली, त्यातला एसएमपीएस साधारण २०० ते ३०० वॅटचा असतो आणि कार्डाची केबल बहुधा नसतेच. दुसरी, बऱ्याच मॉडेलमध्ये मदरबोर्डला नेहमीची २४ पिनची केबल लागत नाही, कंपनीची वेगळीच पिन असते. बाजारातला एसएमपीएस घेऊन आलात तरी तो जुळत नाही. तिसरी, छोट्या कॅबिनेटमध्ये नेहमीच्या मापाचा एसएमपीएस मावतच नाही. साध्या एटीएक्स एसएमपीएसची रुंदी १५० मिलिमीटर आणि उंची ८६ मिलिमीटर असते. आधी पट्टी घेऊन मोजा.

अशा पीसीसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे वेगळी केबल न लागणारे कार्ड. जीटीएक्स १६५० ची केबल नसलेली मॉडेल्स किंवा आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती. छोट्या डब्यासाठी यांची कमी उंचीची मॉडेल्सही मिळतात. वेग थोडा कमी मिळेल, पण घर आणि पीसी दोन्ही शांत राहतील.

ब्राँझ, गोल्ड हे काय प्रकरण आहे?

बॉक्सवर '८० प्लस' आणि खाली ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे लिहिलेले असते. हे क्षमतेचे नाही, काटकसरीचे प्रमाणपत्र आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती टक्के वीज पीसीला मिळते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, हे ते सांगते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत साध्या ८० प्लसला निदान ८० टक्के लागतात. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के लागतात. आपल्या २३० व्होल्टवर निकाल थोडा आणखी बरा येतो.

बिलात किती फरक पडतो? समजा पीसी ३०० वॅट घेतो आणि रोज चार तास पूर्ण जोरात चालतो. ८० टक्केवाला भिंतीतून ३७५ वॅट ओढेल, ९० टक्केवाला ३३३ वॅट. फरक ४२ वॅटचा. महिन्याला साधारण ५ युनिट. तुमच्या बिलातला युनिटचा दर त्याला गुणा. फार मोठी रक्कम नाही. म्हणून घरच्या वापराला ब्राँझ पुरेसा आहे. दिवसभर रेंडरिंगचे काम असेल तर गोल्डचा विचार करा.

मात्र ८० प्लस आहे म्हणजे सगळे आले असे नाही. बॉक्सवर जास्त व्होल्टेज, जास्त करंट, शॉर्ट सर्किट आणि जास्त तापमान यांपासून संरक्षण आहे का, तेही वाचा. वॉरंटी किती वर्षांची, हेही विचारा. जी कंपनी पाच वर्षांची लेखी वॉरंटी देते, तिला आपल्या मालाची थोडी तरी खात्री असते.

आपल्याकडची वीज, अर्थिंग आणि यूपीएस

ज्या भागात एकाच लाइनवर यंत्रमाग, वेल्डिंग किंवा पाण्याच्या मोटारी चालतात, तिथे व्होल्टेज खाली-वर होत राहते. एसएमपीएस घेताना त्यावर लिहिलेली इनपुटची रेंज बघा. १०० ते २४० व्होल्ट असे असेल तर कमी व्होल्टेजला तो जास्त तग धरतो. फक्त २०० ते २४० असेल तर अशा भागात त्रास होऊ शकतो. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. आपल्याकडे तो कायम २३० वरच हवा. चुकून ११५ वर सरकवला आणि बटण दाबले तर एसएमपीएस तिथेच संपला.

अर्थिंग हा विषय आपण फार हलक्यात घेतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील तर ते 'थोडेसे चालते' म्हणून सोडू नका. वायरमनला बोलवा आणि सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनच्या प्लगची मोठी पिन काढून टाकणे तर अजिबात नको.

आता यूपीएस. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. वरच्या उदाहरणातला पीसी ३०२ वॅट घेतो, एसएमपीएसचा तोटा धरून भिंतीतून सुमारे ३५५ वॅट, त्यात मॉनिटरचे २५ वॅट. झाले ३८०. म्हणजे रेंडरिंग चालू असताना लाइट गेली तर यूपीएस दोन शिट्ट्या मारून पीसीसकट बंद पडेल. कार्ड बसवल्यावर १००० व्हीएच्या आसपासचा यूपीएस घ्यावा लागेल, हा खर्च आधीच धरा. प्रिंटर यूपीएसला जोडू नका.

जोडताना घ्यायची काळजी

कार्डाची ८ पिनची आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल सारखी दिसते, पण दोन्हींमध्ये वायरींची जागा उलटी असते. केबलवर काय लिहिले आहे ते वाचा आणि जोर लावून घुसवू नका.

हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनच्या केबलवरून ८ पिन बनवणारे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात. ते टाळा. त्या पातळ वायरी १५० वॅटसाठी नसतात, तापून वितळतात.

ज्या एसएमपीएसच्या केबल काढता-घालता येतात, त्याच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी असते. एका चुकीच्या केबलने सगळ्या डिस्क जळू शकतात, आणि त्यासोबत घरातले फोटो, अभ्यास, सगळेच.

कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर दोन वेगळ्या केबल लावा. १६ पिनची केबल पूर्ण आत बसली का ते बोटाने आणि डोळ्याने तपासा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा नीट न बसलेली पिन हे त्यातले एक मोठे कारण निघाले.

आणि एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देणारी वीज काही काळ साठून राहते.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. १२ व्होल्टवर किती अँपिअर? लेबल दाखवा.
२. कार्डासाठी ६ अधिक २ पिनच्या केबल किती आहेत?
३. ८० प्लसचे कोणते प्रमाणपत्र आहे?
४. वॉरंटी किती वर्षांची आणि ती दुकानाची की कंपनीची?
५. माझ्या कॅबिनेटमध्ये आणि मदरबोर्डला बसेल का? मोबाइलमध्ये दोन्हींचे फोटो घेऊनच जा.
६. पक्के बिल मिळेल का? बिलाशिवाय वॉरंटी म्हणजे नुसती हवा.

ग्राफिक्स कार्ड सेकंड हँड घ्यायला हरकत नाही, नीट चालवून बघून घ्या. एसएमपीएस मात्र शक्यतो नवाच घ्या. तो किती तापला, किती वर्षे चालला, हे बाहेरून कळत नाही.

बजेट तुटपुंजे असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे : कार्ड एक पायरी खालचे घ्या, एसएमपीएस मात्र चांगला घ्या. कार्ड दोन वर्षांनी बदलता येईल. पण एसएमपीएसमध्ये वाचवलेले हजार-पाचशे रुपये पूर्ण पीसीवर भारी पडतात. ज्या घराचा उल्लेख आम्ही सुरुवातीला केला, तिथे आता ५५० वॅटचा ब्राँझ एसएमपीएस बसला आहे. मदरबोर्ड जुन्या बाजारातून घ्यावा लागला. मुलगा रात्री रेंडर लावून निर्धास्त झोपतो. अम्मीला त्यातले वॅट आणि अँपिअर कळत नाहीत, पण खरेदी करताना लेबल वाचायला हवे होते, एवढे ती आता प्रत्येकाला सांगते.